मैदानाचा लेडीज डबा

पनवेलहून ठाण्याला जाणारा जुना रस्ता कळंबोली, तळोजा, शिळफाटा असा वळणं घेत कौसा-मुंब्र्यात शिरतो. रेल्वेनेही जवळपास तसंच जाता येतं. पनवेल-दिवा गाडी पकडायची, नावडे, तळोजा, निळजे करत दिव्याला उतरायचं, तिथून पुढचंच स्टेशन मुंब्रा. आम्हा पनवेलच्या कोकणी मुसलमानांची अर्धी सोयरीक या रस्त्यावर पसरलेली आहे. तळोज्यात कुणाची नणंद, कौशात कुणाची खाला. त्यामुळे मुंब्रा आमच्यासाठी पेपरातल्या बातमीचं गाव कधीच नव्हतं.

पेपरात मात्र ते ठरावीक कारणांनीच येतं. दंगलीनंतरचं स्थलांतर, अनधिकृत इमारती, पाणी, वीज, पोलिसांची धरपकड. ९ जून २०२५ला स्टेशनाजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, चौघे त्याच दिवशी गेले, तेव्हा पुन्हा दोन दिवस मुंब्रा टीव्हीवर होतं. या सगळ्यात एक गोष्ट फारशी कुणी मांडली नाही. या गावातल्या मुलींनी फुटबॉल खेळायला मैदान मागितलं, अर्ज करून मागितलं. मला ती गोष्ट मुंब्रा स्टेशनाच्या इतिहासाला जोडून सांगायची आहे, कारण मुलींची मागणी रेल्वेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच एका वेगळ्या जागी मान्य केलेली होती.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्यानंतरचं वर्ष कुणाला आठवत नाही. ठाण्यापुढे खाडी आडवी होती आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल बांधून, डोंगराच्या कडेने लहान बोगदे फोडून १ मे १८५४ला रेल्वे कल्याणला पोचली. डोंगर आणि खाडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून हे रूळ गेले, त्याच पट्टीत मुंब्रा आहे. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा मोठा बोगदा झाला, सव्वा किलोमीटरहून लांब. जलद गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या. मुंब्रा धिम्या मार्गावर राहिलं. डोंगरावर मुंब्रादेवी, खाली खाडीत रेतीबंदर, आजूबाजूला आगरी-कोळ्यांची आणि कोकणी मुसलमानांची गावं. जलद गाडीत बसलेल्या माणसाला थांबावंसं वाटेल असं इथे काही नव्हतं.

आता बायकांचं. १८९०च्या रेल्वे कायद्यात ६४वं कलम होतं. १ जानेवारी १८९१पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी ५० मैलांहून जास्त जाणार असेल तर त्या कप्प्यात शौचालय द्यायचं, असं ते सांगत होतं. हा कायदा करणारे इंग्रज बायकांचे कैवारी नव्हते. त्यांना तिकिटं विकायची होती. पडदा पाळणारी घरं, मग ती मुसलमानांची असोत की उच्चवर्णीय हिंदूंची, बायकांना परक्या पुरुषांच्या गर्दीत पाठवत नाहीत, म्हणजे निम्मं गिऱ्हाईक घरी बसतं, एवढा साधा हिशेब होता. पण त्या हिशेबातून झालं असं की दारावर पाटी लागली आणि माहेरी, जत्रेला, दर्ग्याला, दवाखान्याला जाणारी बाई गाडीत चढली. वेगळा डबा मिळतोय म्हणजे परंपरा मोडतेय की टिकतेय, याचा काथ्याकूट करत कुणी बसलं नाही. १९८९च्या नव्या रेल्वे कायद्यातही राखीव डब्याची तरतूद राहिली, आणि त्यात घुसणाऱ्या पुरुषाला दंडही राहिला. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई पेटली. जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला, त्यात ५७५ मुसलमान. आकड्यात न येणारी गोष्ट म्हणजे त्यानंतर लोकांनी घरं बदलली. मिश्र वस्तीतल्या चाळीतली खोली मिळेल त्या भावाने विकायची आणि 'आपल्या' वस्तीत जागा बघायची. कुणी मीरा रोडला गेलं, कुणी कुर्ल्याला, आणि फार मोठ्या संख्येने लोक मुंब्र्याला आले. मुंब्राच का, याचं उत्तर देताना अभ्यासक सुरक्षिततेबद्दल बोलतात. ते खरंच आहे. पण सुरक्षित गावं कोकणात खूप होती, तिथे कुणी गेलं नाही. मुंब्र्यात जागा स्वस्त होती, मुसलमानांची जुनी वस्ती होती, आणि स्टेशन होतं. भायखळ्याचं वर्कशॉप, मशिदबंदरची पेढी, भेंडीबाजारचं दुकान यातलं काहीच सोडावं लागत नव्हतं. पहाटेची लोकल पकडली की झालं. म्हणून मी म्हणतो की आजचं मुंब्रा दंगलीने जितकं घडवलं तितकंच मध्य रेल्वेच्या पासाने.

जीव घेऊन आलेला माणूस आधी छप्पर बघतो. बिल्डरांनी ते ओळखलं. शेतजमीन, डोंगराचा उतार, खाडीची कड, जिथे जागा दिसली तिथे पाच-सहा मजले चढले. कागद पाहायला कुणी गेलं नाही, महापालिकाही नाही. त्याची किंमत काय असते ते ४ एप्रिल २०१३ला दिसलं. शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली, अजून काम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. पनवेलहून जाताना तो भाग रस्त्यावरच लागतो. आता अशा गावात, जिथे दोन इमारतींच्या मधल्या अंतरावरही कुणाचा तरी डोळा असतो, तिथे मैदान कोण सोडणार? विकास आराखड्यावर हिरवा रंग असतो. प्रत्यक्षात तिथे आधी विटांचा ढीग येतो, मग पत्र्याची शेड, मग वॉचमन.

जी काही मोकळी जागा उरली ती मुलांची झाली. कुणी ठराव करून दिली नाही, सवयीने झाली. संध्याकाळी पाच वाजता एका कोपऱ्यात टेनिस बॉलचं क्रिकेट, दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या गल्लीचं क्रिकेट, मध्ये कुणीतरी बाइक शिकतोय. कठड्यावर बसून हे सगळं बघणारी, काहीच न करणारी पंधरा-वीस पोरं वेगळी. या काहीच न करण्यावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईत बाई रस्त्यावर असते तेव्हा ती कुठेतरी निघालेली असावी लागते, हातात पिशवी, फाइल किंवा पोर असावं लागतं, ही त्यांची मांडणी. पुस्तक इंग्रजीत असल्याने ते आमच्या मोहल्ल्यात कुणी वाचलं नाही, पण मोहल्ल्याला ते आधीच ठाऊक होतं. कौशाच्या खालाला मी एकदा विचारलं होतं, "खाला, संध्याकाळी बाहेर पडता की नाही?"

"पडते ना," ती म्हणाली. "बाजारात जाते, दवाखान्यात जाते. तुझी अम्मी आली की स्टेशनला आणायला जाते."

"आणि काम नसलं की?"

"काम नसलं तर बाहेर कशाला जाऊ?"

स्टेशन या उत्तरात बसतं. तिथे बाई गेली तर कुणी भुवई उंचावत नाही, कारण ती कुठेतरी निघालेली असते. मैदान या उत्तरात बसत नाही. तिथून पुढे कुठेच जायचं नसतं.

२०१२ मध्ये मुंब्र्यात 'परचम' या महिलांच्या गटाने मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. परचम म्हणजे निशाण. मजाजच्या 'नौजवान ख़ातून से' या नज्मेतून आलेला हा शब्द. गटाच्या संस्थापकांपैकी सबा खान या आधीपासून मुंब्र्यात मुस्लिम महिलांच्या प्रश्नांवर काम करत होत्या. प्रशिक्षणाला 'मॅजिक बस' या संस्थेची मदत झाली. शिवण, मेंदी, ब्युटी पार्लर, संगणक असे वर्ग मुस्लिम वस्तीत एनजीओंनी ढिगाने काढले आहेत, आणि ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण ते सगळे चार भिंतींच्या आत होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी एक प्रमाणपत्र असतं, जे बापाला दाखवता येतं. फुटबॉलच्या शेवटी काय दाखवणार, खरचटलेला गुडघा?

आणि मुळात फुटबॉलच का? कॅरम किंवा बॅडमिंटन निवडलं असतं तर भांडण कमी झालं असतं. बॅडमिंटन हॉलमध्ये होतं, कॅरम तर पलंगावरही होतो. फुटबॉलला मैदान लागतं, ते दाखवून मागावं लागतं. शिवाय त्यात धक्का लागतो, ओरडावं लागतं. गटाने हिंदू आणि मुसलमान मुली एकत्र खेळतील हेही पाहिलं. ज्या गावाची वाढच या दोघांना वेगळं करण्यातून झाली तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

अडचण आली ती जागेचीच. मुली मैदानावर गेल्या की मुलं आधीपासून खेळत असत. 'आमची मॅच चालू आहे', 'दीदी, बाजूला खेळा', आणि बाजूला म्हणजे जिथे खडी टाकलेली आहे तिथे. मैदानाभोवती बघे. बुरखा काढून, घडी करून पिशवीत ठेवून ट्रॅकसूटमध्ये खेळणाऱ्या मुली होत्या, डोक्यावर रुमाल बांधून खेळणाऱ्या होत्या, काहीच न बांधणाऱ्या होत्या, आणि या तिघींबद्दल बघ्यांचं मत एकच होतं. मग मुलींनी सह्यांची मोहीम काढली. दारोदार जाऊन शेकडो सह्या गोळा केल्या. आमच्या मुलींना मैदान हवं, यावर त्यांच्या अम्मी-अब्बांची, शेजाऱ्यांची, दुकानदारांची सही घेणं हे मला प्रत्यक्ष खेळापेक्षाही अवघड वाटतं. निवेदन मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांच्याकडे गेलं आणि मुलींसाठी मैदान राखून ठेवण्याचं आश्वासन मिळालं.

मुंब्र्याच्या मुली काही जगावेगळं मागत होत्या असं ज्यांना वाटतं त्यांनी इंग्लंडचा इतिहास पाहावा. पहिल्या महायुद्धात कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे तिथे फुटबॉल संघ तयार झाले. प्रेस्टनचा 'डिक, कर लेडीज' हा त्यातला सर्वांत गाजलेला. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने निर्णय घेतला. हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही असं सांगून त्यांनी आपल्या क्लबांना कळवलं की बायकांच्या सामन्यांना मैदान देऊ नका. खेळावर बंदी घालायची त्यांना गरजच पडली नाही, मैदान काढून घेतलं की पुरलं. ही बंदी उठायला जवळजवळ ५० वर्षं लागली. तिथे ना बुरखा होता, ना मौलाना.

डोक्यावरच्या रुमालाचा तंटाही याच काळातला. जून २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला जॉर्डनविरुद्धच्या ऑलिम्पिक पात्रता सामन्यात हिजाबमुळे उतरूच दिलं नाही. फिफाने म्हटलं, गळ्याला इजा होऊ शकते. जुलै २०१२ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने प्रायोगिक परवानगी दिली, मार्च २०१४ मध्ये ती कायम केली. मुंब्र्यात चेंडू पहिल्यांदा लाथाडला गेला तेव्हा फिफाचा प्रयोग नुकताच सुरू होत होता, हा योगायोग मला आवडतो. २०२३च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, विश्वचषकात तसं खेळणारी पहिली. त्याच वर्षी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिथल्या फुटबॉल महासंघाची हिजाबबंदी योग्य ठरवली. तेहरानमध्ये रुमाल काढला तर खेळता येत नाही, पॅरिसमध्ये बांधला तर खेळता येत नाही. मधल्या मध्ये मुलगी मैदानाबाहेर.

आपल्या लोकांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. मुलींना शिकवा, डॉक्टर करा, पण हे चेंडूमागे धावणं कशाला? हेच लोक फुटबॉलचा अभिमान मोठ्या आवाजात सांगतात. १९३४ मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली, जिंकणारा पहिला भारतीय संघ, आणि मग सलग पाच वर्षं जिंकली. १९३७ मध्ये मुंबईचा रोव्हर्स चषक पहिल्यांदा भारतीय संघाकडे आला तो 'बंगलोर मुस्लिम्स'मुळे. इंग्रज पलटणींना हरवणाऱ्या त्या पोरांच्या गोष्टी आमच्या घरातही सांगितल्या जायच्या. ते खेळून डॉक्टर झाले का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. भारताच्या मुली १९७९ आणि १९८३ मध्ये आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी फार उशिरा वाचलं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो मला जास्त विचारात पाडतो. पुरोगामी मित्र म्हणतात, राखीव वेळ मागणं म्हणजे वेगळेपण मान्य करणं. मैदान सगळ्यांचं आहे, मुलींनी मुलांच्या बरोबरीने घुसून खेळावं. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण हे म्हणणाऱ्या मैत्रिणी स्वतः पनवेलहून सकाळची आठची लोकल पकडतात तेव्हा जनरल डब्यात चढत नाहीत. लेडीज डब्यातून जातात, आणि त्यात त्यांना पराभव वाटत नाही. त्या डब्याने बायकांना घरात ठेवलं की बाहेर काढलं? लोकलच्या गर्दीत रोज दीड-दोन तास घालवून नोकरी करणाऱ्या बायकांची अख्खी पिढी त्या राखीव बाकांवर बसून गेली. तिथे भाजी निवडली गेली, भिशी चालली, दिवाळीचे आणि ईदचे डबे फिरले, भांडणं तर विचारूच नका. त्यातल्या अनेकजणी पुढे गरज पडली तेव्हा जनरल डब्यातही चढल्या. धोका आहे तो असा की उद्या मुलीला सांगितलं जाईल, तुझे दोन तास संपले, आता निघ. लेडीज डबा आहे ना, मग इथे कशाला चढलीस, असं बायकांना आजही ऐकवतात. हे मान्य करूनही मी दोन तासांच्या बाजूने आहे. शून्यापेक्षा दोन जास्त.

आमच्या पनवेलची गोष्ट याहून वेगळी असायला हवी होती. नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. रेल्वे मात्र मुंब्र्यानंतर शंभर वर्षांनी, १९६०च्या दशकात दिव्याहून आली, आणि हार्बरची लोकल १९९८ मध्ये. तोवर मुंबईला जायचं म्हणजे एसटी. पण त्याआधीच, १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली होती आणि खारघर, कामोठे, कळंबोली, खांदेश्वर हे सगळं आधी कागदावर आखून मग बांधलं गेलं. स्टेशन कुठे, शाळा कुठे, मैदान कुठे, सगळं ठरलेलं. ही जमीन ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांतल्या शेतकऱ्यांची होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते योग्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. आज ज्या सेक्टरच्या मैदानावर पोरं खेळतात तिथे कुणाचं तरी भाताचं खाचर होतं, एवढं तरी खेळणाऱ्याला माहीत असावं.

म्हणजे मुंब्र्याला जे नशिबात नव्हतं, ते इथे नकाशात होतं. ६ ऑक्टोबर २०१७ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने सुरू झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला होता, शाळाशाळांत चेंडू वाटले होते. सिडकोने खारघरला फुटबॉलचं केंद्रही उभारलं. तरी संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही सेक्टरच्या मैदानावर जाऊन उभे राहा आणि मुली मोजा. एका हाताची बोटं पुरतात. वाटलेल्या चेंडूंचं काय झालं, तर बहुतेक ठिकाणी तो मुलांकडे गेला. माझ्या बहिणीच्या शाळेत पीटीच्या तासाला मुलींना वर्गात बसवून वह्या पूर्ण करायला सांगत. ती पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या मुलीच्या शाळेत, जी दुसरी आहे, परिस्थिती थोडीच वेगळी आहे. आता नवीन आलंय ते टर्फ. हिरव्या प्लॅस्टिकचं, जाळीतलं, तासाच्या भाड्याने मिळणारं. तिथे बघे नसतात, दिवे असतात, मुलींना आवडतं. पण वर्गणी काढून रात्री टर्फ घेणं मुलांच्या टोळीला जमतं, चौदा वर्षांच्या मुलींना नाही.

भाचीने मध्यंतरी विचारलं की मुंब्र्याच्या मुलींसारखा अर्ज इथल्या महापालिकेला करायचा तर त्यात काय लिहायचं. आम्ही दोघं बसलो. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, एक मैदान. त्या वेळेची पाटी फाटकावर, मराठीत आणि ठळक. मैदान ते स्टेशन रस्त्यावरचे दिवे चालू. प्यायचं पाणी. शेवटची ओळ तिने घातली, आणि ती लिहिताना मला १८९०च्या कायद्यातला तो ५० मैलांचा नियम आठवला: मैदानाजवळ मुलींसाठी एक शौचालय, कुलूप नसलेलं.